धुराच्या नळीचा हुतात्मा

एनॉस पेटिबोनला चौऱ्याहत्तर वर्षं कोणी काही विचारलं नाही, आणि मग एकाच आठवड्यात दोन विद्वान त्याच्या दाराशी आले. पेरिन्स मिल्सच्या चुनखडीच्या खाणीत त्याने पन्नास वर्षं दगड फोडला. कालव्याच्या बंधाऱ्याला, गिरणीच्या पायाला, गावातल्या निम्म्या तळघरांना त्याच्या हातचा दगड आहे. सुरुंगांनी त्याचा उजवा कान नेला होता. समोरचा फार बोलू लागला की डावाही आपण होऊन बहिरा होई.

१८७७ साली जिल्ह्याचा इतिहास छापायचं निघालं. त्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्याला इतिहासाची उबळ आली होती. इथे आधी काय घडलं हे सांगू शकणारी माणसं म्हणजे इथले मूळ रहिवासी सेनेका लोक, आणि त्यांना विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तरी पुस्तक आठशे पानांचं व्हायचं होतं. वर्गणी भरेल त्याचं चित्र छापणार होते, दाढीसकट.

एनॉसला दाढी होती, पण तो वर्गणी भरणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या मनात त्या वर्षी एकच गोष्ट होती. मार्चमध्ये त्याची बायको केझाया गेली. तिला गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात, देवळाच्या मागच्या उतारावर पुरलं होतं. तिथे मंडळीतलीच माणसं पुरत, आणि एनॉसला मंडळीने त्रेचाळीस वर्षांपूर्वी बाहेर काढलेलं. त्याची जागा कालव्यापलीकडे, बुडालेल्या नावाड्यांच्या आणि फिरत्या विक्रेत्यांच्या शेजारी. केझाया जिवंतपणीच सांगून ठेवायची, "कबुली द्या असं मी तुम्हाला कधी म्हणणार नाही. पण मेल्यावर कालव्यापलीकडे हाका मारत बसायची नाही मी. आधीच तुम्हाला ऐकू येत नाही."

पहिला विद्वान प्रोफेसर रेन्सफर्ड. कशाचा प्रोफेसर, हे सभ्य गावात विचारत नाहीत. दहा वर्षांपूर्वी हाच गृहस्थ लोकांची डोकी चाचपून स्वभाव सांगत गावोगाव फिरला होता. तेव्हा त्याने एनॉसच्या टाळूवर भक्तिभावाचं भलं मोठं टेंगूळ शोधलं होतं. आता डोकी सोडून तो पडद्यावर चित्रं दाखवणारा जादूचा कंदील आणि विज्ञान घेऊन हिंडत होता. जगात जिथे जिथे विज्ञानाने दिवा लावला तिथे तिथे धर्माने फुंकर घातली, असा त्याचा सिद्धांत. जिल्ह्याच्या इतिहासात 'विज्ञानाची आगेकूच' हे प्रकरण त्याच्याकडे आलं होतं. रोममधले छळलेले लोक त्याच्याकडे भरपूर होते. अडचण एवढीच की आपल्या जिल्ह्यात एकही नव्हता.

"पेटिबोनकाका," तो वही उघडून म्हणाला, "अठराशे चौतीस साली तुम्हाला खाणीत दगड झालेले प्राचीन किडे, जीवाश्म, सापडले. खरं?"

"पोतंभर."

"आणि त्याच वर्षी मंडळीने तुम्हाला हाकललं. खरं?"

"खरं."

"झालं तर मग."

"काय झालं?"

प्रोफेसर लिहीत होता. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि मध्ये 'म्हणून' घालायचं, एवढ्यावर त्याचा इतिहास तयार होई.

"अहो, मला नळीपायी काढलं," एनॉस म्हणाला.

"नळी हे वरवरचं निमित्त. इतिहासकाराला खोल पाहावं लागतं."

"खोल मी पन्नास वर्षं पाहतोय. खाली पाणी लागतं."

नळीची गोष्ट अशी. चौतीस सालापर्यंत देवळात शेगडी नव्हती. जानेवारीतही लोक दोन-दोन तास कुडकुडत उपदेश ऐकत. मग मंडळीचा कारभारी, डीकन हार्कनेस, याने मंडळीला लोखंडी शेगडी भेट दिली आणि तिची नळी छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, म्हणजे धुराची ऊब सगळ्यांना मिळावी. त्या लांबलचक नळीत धूर गार होई आणि सांध्यांतून डांबरासारखं काळं पाणी टपके. डीकनने सांध्यांखाली पत्र्याचे डबे टांगले. पेटिबोनांच्या बाकावरचा सांधा तेवढा राहिला. तीन रविवार केझायाच्या नव्या टोपीवर काळं पाणी पडलं. चौथ्या शनिवारी एनॉस हातोडा घेऊन गेला आणि नळी खाली आली. डीकन म्हणाला, भर मंडळीत उभं राहून कबुली दे. एनॉस म्हणाला, आधी डबा. मंडळीने हात वर करून त्याला बाहेर काढलं.

आणि ते किडे? त्यांचं सगळ्यात जास्त वेड होतं ते मंडळीचे तेव्हाचे धर्मगुरू, पाळक स्टॅनर्ड, यांनाच. काळा कोट घातलेला हा माणूस खाणीत गुडघ्यांवर रांगायचा. किडे त्याने खिडकीत मांडले होते आणि उपदेशाच्या कागदांवर वजन म्हणूनही तेच ठेवायचा. देवाने आपली जुनी वही दगडात जपून ठेवली आहे, असं त्याने भर देवळात सांगितलं, आणि तेव्हा कोणाची झोपसुद्धा मोडली नाही. एनॉसला काढायच्या आदल्या दिवशी तोच विनवायला आला होता. "एनॉस, 'राग आला होता' एवढंच म्हण रे बाबा. तू गेलास तर मला किडे कोण आणून देणार?" एनॉस म्हणाला, "राग आला असता तर शेगडीही फोडली असती."

त्यानंतर त्रेचाळीस वर्षं एनॉस दर रविवारी केझायाला गाडीतून देवळापर्यंत सोडी आणि उपदेश संपेस्तोवर बाहेर गाडीत बसून राही.

आता दुसरा विद्वान. रेव्हरंड मायलो स्प्रेग हे गावचे नवे पाळक, वय एकतीस. इतिहासातलं 'मंडळींची वाटचाल' हे प्रकरण त्यांच्याकडे होतं. स्टॅनर्ड पाळकांना दगडात देव दिसे, यांना प्रत्येक दगडाआडून आपला पूर्वज म्हणवणारं माकड डोकावताना दिसे. त्यांनाही आपल्या सिद्धांतासाठी एक स्थानिक माणूस हवा होता, आणि तोही तोच. ते लिहून आणलेला कागद घेऊन आले.

"दादा, इथे सही करा. 'निरीश्वर विज्ञानाच्या नादाने मी भरकटलो होतो, आता परत आलो आहे.' शनिवारच्या सभेत मी वाचून दाखवतो. मंडळी तुम्हाला परत घेईल. मग उतारावरची जागा तुमचीच."

एनॉसने उतारावरची जागा एवढंच ऐकलं. दौत त्यानेच पुढे ओढली. मग विचारलं, "स्टॅनर्डबाबांच्या खिडकीतले माझे किडे कुठे आहेत हो?"

"ते होय? परसदारी चिखल फार व्हायचा. वाटेवर टाकले आम्ही. आता पाय रुतत नाहीत."

एनॉसने दौतीचं झाकण लावलं. "कागद राहू द्या. वाचतो सावकाश."

तीन दिवस कागद टेबलावर होता, त्यावर मक्याच्या पावाची ताटली. एनॉसला भूक नव्हती. त्याला थोर माणूस व्हायचं नव्हतं आणि पापी व्हायलाही हरकत नव्हती. पण आपण न केलेलं पाप आपल्या नावावर लागावं, आणि केलेलं पुसून टाकावं, हे त्याला पटेना. सही केली नाही तर मात्र जागा कालव्यापलीकडे.

शुक्रवारी शेजारची विधवा लव्हायना ट्रेसी ताटली न्यायला आली आणि कागद वाचून नाक मुरडून उभी राहिली. तिचे वडील मंडळीचे जुने चिटणीस. मंडळीची सभावही अजून तिच्याच कपाटात, पिठाच्या डब्याखाली होती. दोन्ही इतिहासकार तिच्या दारावरून चारदा गेले, पण वही आहे का हे एकानेही विचारलं नव्हतं.

"विज्ञानाचं नाव काढतोय हा मेला पाळक," ती म्हणाली. "आमच्या बाबांच्या वहीत तर असलं काही नाही."

"काय आहे?"

ती वही घेऊन आली. "'बंधू पेटिबोन यांनी रागाच्या भरात हातोड्याने शेगडीची नळी पाडली. कबुली देण्यास नकार. मंडळीबाहेर. पश्चात्ताप करतील तेव्हा परत घ्यावे.'"

"केव्हापर्यंत?"

"काय केव्हापर्यंत?"

"पश्चात्ताप. मुदत किती?"

लव्हायनाने पान उलटून पाहिलं. "मुदत घातलेली नाही बाबांनी."

एनॉसने वहीतल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "डबा मात्र टांगायला हवा होता डीकनने."

"तो मरून एकोणीस वर्षं झाली, काका."

शनिवारी दुपारी, प्रभुभोजनाच्या विधीआधीच्या तयारीच्या सभेला, एकवीस माणसं जमली. रेव्हरंड स्प्रेग प्रकरणाचा शेवट मिळणार म्हणून खुशीत होते. प्रोफेसर रेन्सफर्ड मागच्या बाकावर पेन्सिल टोकदार करून छळाची वाट पाहत होता. एनॉस मधल्या वाटेत येऊन उभा राहिला. त्याचे हात, ज्यांनी सुरुंग ठासले होते, टोपीची कड चुरगळत होते.

"कागद, दादा," रेव्हरंड पुटपुटले.

"कागद घरी आहे." त्याने घसा साफ केला. "मला दगडांनी बिघडवलं नाही. दगड मी इथल्या पाळकबाबांनाच देत होतो. मी नळी पाडली. रागाने पाडली. राग नव्हता असं सांगत आलो, ते खोटं. त्रेचाळीस वर्षं बायकोला एकटीला बाकावर बसवलं, ते नळीपेक्षा वाईट. माझं चुकलं. एवढंच."

पहिल्या बाकावर डीकनची म्हातारी मुलगी, इलेक्टा हार्कनेस, बसली होती. ती न वळता म्हणाली, "किती घाव घातले होतेस?"

"तीन. दुसरा हुकला."

"बाबा पाच म्हणायचे," ती म्हणाली, आणि सगळ्यांत आधी तिचा हात वर गेला. मग बाकीचे. रेव्हरंडांचा शेवटी, कारण एकट्याने खाली ठेवणं बरं दिसेना.

ऑक्टोबरात पुस्तक आलं. लव्हायनाने दोन्ही उतारे मोठ्याने वाचले. एकशे बाराव्या पानावर, पेरिन्स मिल्सचा थोर सत्यशोधक सृष्टीचं रहस्य उघड केल्याबद्दल धर्मांधांच्या हाती सापडला होता आणि म्हातारपणी त्याला गुडघे टेकायला लावलं होतं. तीनशे चाळिसाव्या पानावर, एक भरकटलेला नास्तिक विज्ञानाच्या काळोखातून अश्रू ढाळत कळपात परतला होता. एकाच पुठ्ठ्यात, एकाच गोंदाने चिकटवलेले. आठशे पानांत शेगडी कुठेच नव्हती.

"कोणाला पत्र लिहायचं का?" लव्हायनाने विचारलं. "खोटं आहे म्हणून?"

"दोघांनाही वाचायला वेळ नसेल. ते लिहितात." एनॉस उठला आणि कोपऱ्यातली लोखंडी पहार, छिन्नी आणि हातोडा घेतला. "त्यात माझ्या जागेचं काही लिहिलंय?"

"नाही."

"मग झालं."

लव्हायना मागोमाग निघाली. उतारावर केझायाच्या डाव्या अंगाला त्याने पहार रोवली. ती हातभर सरळ गेली आणि ठण्णकन थांबली. त्याने वीतभर सरकून पुन्हा रोवली. तिथेही तेच.

"चुनखडी आहे," तो म्हणाला. "खणणारा कंटाळेल आणि मला उथळ पुरेल."

"मग आता?"

"आता काय? फोडून ठेवतो. हाडं चालतायत तोवर." त्याने कोट काढून लव्हायनाच्या हातात दिला, जमिनीवर पालथं पडून खडकाची शीर कुठे जाते ते बोटांनी चाचपलं, आणि छिन्नी लावली.