मागची खुर्ची

सक्करदऱ्याला विमानाची तिकिटं काढून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या दुकानात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकीमागे एक, अगदी चिकटून ठेवलेल्या असतात. लांब जाणाऱ्याला ते आधी मागच्या खुर्चीवर बसवतात आणि स्वतः पुढच्या खुर्चीवर मागे रेलून बसतात. "विमानात एवढीच जागा भेटते. बसून पाहा, मंग कंपनी ठरवू."

आईला ताईकडे कॅनडाला जायचं होतं. मी मोबाइलवर सगळ्यांत स्वस्त विमान शोधूनच गेलो. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. "जाणारं माणूस आणा ना भाऊ!"

चिडलो, पण दुसऱ्या दिवशी आईला नेलं. ते तिच्याकडे पाठ करून अर्धा तास ताईच्या लेकरांबद्दल विचारत बसले. मग मान न वळवताच म्हणाले, "काकू, डावा गुडघा दुखून राहिला ना? मघापासून तोच सारखा हलून माझ्या पाठीले लागून राहिला."

आई ओशाळली. "दोन वर्षं झाले गा."

त्यांनी दुसऱ्याच कंपनीचं तिकीट काढलं. थोडं महाग, पण खुर्ची कडेची, आणि मधात उतरून पाय मोकळे करता येतील असं. मी मुकाट्यानं हो म्हटलं.

ती दोन्ही वर्षं आई माझ्याच घरी राहत होती.