खिडकीवाली खोली

विद्यापीठाचं वेळापत्रक करणं म्हणजे चांगल्या दिवसांतही डोक्याला ताप. त्यात साथ आली, मग काय विचारता! अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरी पडद्यासमोर, दोघांच्या मध्ये एक बाक रिकामा, आणि तास संपला की हवा खेळावी म्हणून खोली थोडा वेळ मोकळी ठेवायची. हे सगळं लोढणं गळ्यात पडलं संख्याशास्त्राच्या सरांच्या. मुलं त्यांना तासमास्तर म्हणत. पाठीमागे म्हणत, पण सरांना ठाऊक होतं.

सकाळी ऑफिसात टेकले की फोन सुरू. कुणाला दुपारचा तास नको, कुणाला जिना नको, कुणाला तर मुलंच नकोत! एकाला झाकावं तर दुसरा उघडा पडायचा. एका विभागप्रमुखांचा आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. "मी इतकी वर्षं मोठ्या दालनात शिकवतोय. आता काय पोरांना जिन्यात बसवू?" भांडायला अंगात त्राण नको का? सरांनी मोठं दालन देऊन टाकलं.

त्यात टेबलावरचे कागद वाऱ्यानं उडायचे. एका गठ्ठ्यावर स्टेपलर, दुसऱ्यावर पाण्याची बाटली, तिसऱ्यावर स्वतःचं कोपर, अशा थाटात माणसानं काम करावं तरी कसं! "मेला हा वारा," असं पुटपुटत सर दिवसातून दहादा टेबलाखाली शिरत.

घोडं अडलं होतं कॅमेऱ्यापाशी. घरी बसलेल्या मुलांना तास दिसायचा तर खोलीत कॅमेरा हवा, आणि कॅमेऱ्याच्या खोल्या तीनच. त्यातल्या दोन हवेशीर, त्या आरडाओरडा करणाऱ्यांनी पटकावल्या. उरली तळमजल्यावरची. एसी बसवताना तिच्या खिडक्या कायमच्या बंद करून टाकलेल्या. ती कुणालाच नको होती. सरांनी तिथं असं एक नाव टाकलं, की जे भांडायला येणार नाही याची त्यांना खात्री होती.

ते नाव त्यांच्या बायकोचं होतं. बाई त्याच विद्यापीठात गणित शिकवायच्या, आणि त्यांना दमा होता.

त्या संध्याकाळी पानं वाढता वाढता बाईंनी विषय काढला. "अहो, त्या खोलीत मला नुसतं उभं राहिलं तरी कोंडल्यासारखं होतं. मास्क लावून तासभर बोलू कशी?"

"अगं, घरच्या माणसाला सवलत दिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"सवलत कोण मागतंय? माझ्या निम्म्या पोरांच्या घरी धड नेट नाही, मी शिकवायला येणारच आहे. मला फक्त उघडणारी खिडकी द्या."

"तशी खोलीच नाही गं शिल्लक. मी सगळ्या मोजल्यात."

"मोजल्यात म्हणे," बाई म्हणाल्या, आणि भाजीचं पातेलं त्यांनी जरा आपटूनच ठेवलं.

सरांना कळत नव्हतं असं नाही. मागल्या हिवाळ्यात बायकोची निळी पडलेली नखं त्यांनीच हातात धरली होती. कळत होतं, पण वळत नव्हतं. लोकांच्या बोलण्याची भीती ही अशी वाईट.

पहिल्या तासाच्या दिवशी दुपारी ऑफिसचं दार ढकललं गेलं. दारात बाई. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात दम्याचा फवारा. तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसती शिट्टी वाजत होती छातीत. सरांनी स्वतःची खुर्ची ओढून खिडकीशी लावली, बाईंना बसवलं, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. वारा भणाणत आत येत होता. टेबलावरचे कागद उडाले. या खेपेला कुणी उचलले नाहीत.

हळूहळू बाईंचा श्वास जागेवर आला. पायाशी पडलेल्या कागदाकडे त्या बघत राहिल्या. मग खिडक्यांकडे. एक, दोन, तीन.

"अहो, ही खोली मोजली होती?"

"हे ऑफिस आहे गं."

"आणि तो?" त्यांनी कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. सर दिवसभर त्याच्यासमोर बसून सगळ्यांच्या बैठका घेत. कपाटामागून जुना फळाही डोकावत होता. कधीकाळी हा वर्गच होता. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! साऱ्यांच्या खिडक्या मोजल्यात, आणि स्वतः बसलात कुठं?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वाऱ्याला त्यांनी रोज शिव्या घातल्या, तोच बायको मागत होती.

दुसऱ्या दिवशी कपाट हललं, टेबल गेलं, बाक आले. बाईंचा तास त्या खोलीत सुरू झाला, आणि सर तळमजल्यावरच्या त्या बंद खोलीत एकटेच बसले. दुपारी फोन वाजला. विभागप्रमुख.

"काय हो, सगळ्यात हवेशीर खोली बायकोला दिलीत म्हणे!"

सरांनी टेबलाकडे पाहिलं. एकही कागद हलत नव्हता.

"हो, दिली," ते म्हणाले. "बायकोलाच दिली. आधीच द्यायला हवी होती."