तीन प्रतींवरची रेघ

"काका, अर्धा फ्लॅट हिच्या नावावर? उद्या मीटिंगला ही बसणार? ठराव मांडणार?"

सोसायटीच्या सेक्रेटरीने माझा नॉमिनेशन फॉर्म हातात धरून विचारलं. रविवार, सकाळचे अकरा. विरारमधल्या आमच्या बिल्डिंगचं ऑफिस. कमिटीचे सात जण. सगळे हसले.

माझी मुलगी उमा दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. वय सव्वीस, समज पाच-सहा वर्षांच्या पोरीची. सगळे हसले म्हणून तीही हसली. टाळ्या वाजवल्या.

मीही हसलो. हे लिहायलाच हवं.

माझ्यामागे फ्लॅट कोणाच्या नावे करायचा, ते त्या फॉर्मवर लिहायचं असतं. मी दोन नावं लिहिली होती. मुलगा आणि उमा. निम्मं-निम्मं. सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा. बिल्डिंगमध्ये त्याचे तीन फ्लॅट. आवाज गोड.

"मुलाचं एकट्याचं टाका ना. तो बघेल हिचं. नाहीतर संस्था असतात अशांसाठी. आम्हाला पुढे लफडं नको."

मी पेन काढलं. तिच्या नावावर रेघ मारली. तीन प्रती, तीन रेघा. खाडाखोड केली की शेजारी सही करायची, ही माझी नोकरीतली तीस वर्षांची शिस्त. तिन्ही रेघांशेजारी सही केली. वळणदार.

घरी येऊन माझी प्रत टेबलावर ठेवली. उमाला वाचता येत नाही. स्वतःचं नाव तेवढं ओळखते. दोन अक्षरं. ती गिरवायला तिला चौदा महिने लागले. तिने कागदावर बोट ठेवलं. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"बाबा, उमावर रेघ. कोणी मारली?"

बायकोने सही पाहिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी प्रत उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मी सत्तावन्न. ती सव्वीस. मी ऐंशी गाठली तरी ती एकोणपन्नास. पुढे? डोळे मिटले की तिचं बोट दिसतं. घरात मी नसतो. बायको नसते. बोट रेघेवरून फिरत असतं आणि ती विचारत असते.

त्या आठवड्यात सोसायटीचे उपविधी दोनदा वाचले. पुढच्या रविवारी नवा फॉर्म नेला, तीन प्रती. उमाचं नाव आधी. तिलाही नेलं.

"काय काका, परत तेच?"

"आधी हसून घ्या," मी म्हणालो. "मग हिचं नाव चालत नाही असं कुठल्या कलमात आहे ते दाखवा. नसेल तर पोच द्या."

कोणी हसलं नाही. उमाने टाळीसाठी हात उचलले होते. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि परत मांडीवर ठेवले.

शिक्का मिळाला. आता आमच्यामागे उमाचा कायदेशीर पालक कोण, त्या अर्जासाठी पालघरला जिल्हा कार्यालयात खेपा चालू आहेत. मुलाला फोनवर सांगितलं, "ती तुझ्या उपकारावर राहणार नाही, स्वतःच्या घरात राहील. तिची जबाबदारी जमणार असेल तर अर्जावर सही कर. नसेल तर मी आहे तोवर सांग. दुसरं माणूस शोधायला मला वेळ हवा." तो विचार करतो म्हणाला. मी त्याला महिना दिला आहे.

जुनी प्रत फाडलेली नाही. उमाला समोर बसवून तीच दाखवली.

"ही रेघ मी मारली."

तिने रेघेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माफ केलं की नाही, मला कळलं नाही. विचारणारही नाही. यापुढे तिच्या नावाजवळ कोणाचंही पेन आलं, अगदी माझ्या मुलाचंही, तरी मी तो हात धरीन.