पंचनाम्याशिवाय फॉरमॅट नाही

गोंदिया जिल्ह्यात संगणकावरचं ‘नेक्स्ट’ हे बटण दाबण्याआधी विचार करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. उरलेली प्रजा, तिच्यात मीही आलो, ते बटण डोळे मिटून दाबते.

साडू आमगावला राहायचे. मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्या मोजल्यामुळे संगणकाची डिस्कसुद्धा त्यांना शेतजमीनच वाटे. कोणी बिघडलेला संगणक आणला की ते नवी ऑपरेटिंग सिस्टीम फुकट टाकून देत. पण आधी आलेखाच्या कागदावर डिस्कचा नकाशा निघे, कुठल्या हिश्शात काय आहे ते रंगीत पेन्सिलीने भरलं जाई, आणि ‘यातील सर्व पुसले जाईल हे मला समजले आहे’ अशा पंचनाम्यावर मालकाची आणि दोन पंचांची सही होई. पंच बहुधा समोरचा सायकल दुरुस्तीवाला आणि सुट्टीत आलेला मी. मालकाने “तुम्हीच करा ना काही तरी” म्हटलेलं त्यांना चालत नसे. प्रश्न विचारणारा संगणकाचा प्रत्येक पडदा ते मराठीत वाचून दाखवत आणि मालक उत्तर देईपर्यंत हात मागे बांधून उभे राहत.

नव्या सिस्टीमचा इन्स्टॉलर हाती आला की आधी तो आपल्या बायकोसमोर, म्हणजे माझ्या मेहुणीसमोर, मांडायचा अशी त्यांची पद्धत होती. ताईंचं बोट जिथे अडखळेल तिथे वहीत फुली. तुम्ही कुठे राहता, असं एका पडद्याने विचारलं आणि यादीत भारतातलं एकच गाव दिलं, कोलकाता. ताई म्हणाल्या, “कोलकात्यात कोन राहते? आमगाव लिही मना त्याले!” मग त्या जगाच्या नकाशावर बोट ठेवून अर्धा तास गोंदिया शोधत बसल्या. साडूंनी मदत केली नाही. फुली मात्र मोठी काढली. त्यांचा सिद्धान्त असा : “नव्या मानसाले प्रश्न समजत नाई, जुना मानूस प्रश्न वाचत नाई. बनवनारा या दोघाईच्याही घरी कधी गेला नाई.” या विषयावरची विद्वानांची भाषणं मी ऐकली आहेत. त्यांत याहून जास्त काही नव्हतं. फक्त पडदे जास्त होते.

एका राईस मिलवाल्याचा पुतण्या नागपूरहून आपला संगणक घेऊन आला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, सुट्टीतही. “अंकल, इतना क्या पढ़ना? नेक्स्ट-नेक्स्ट करो, पाँच मिनट का काम है,” म्हणत त्याने स्वतःच बटणं दाबली. काम खरोखरच पाच मिनिटांत झालं. शेजारी जोडलेली दुसरी डिस्क, तिच्यातल्या त्याच्याच बहिणीच्या लग्नाच्या चित्रफितीसह, कोरी झाली. साडूंनी घड्याळात पाहून पंचनाम्यावर वेळ टाकली आणि चहा मागवला.

गेल्या वर्षी त्यांच्या पायाला जखम झाली. साखर होतीच. जखम काळी पडली आणि गोंदियाच्या एका दवाखान्यात पाऊल कापायचं ठरलं. नर्सने सहा पानांचं संमतीपत्र माझ्या हाती दिलं. मी शेवटचं पान उघडून सही केली.

“वाचलं का, साडूभाऊ?” पलंगावरून आवाज आला.

“सगळे असंच करतात. उशीर होतोय.”

“पाय तुमचा हाये का?”

त्यांनी चष्मा मागवला. नर्स दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा डॉक्टर आले, पोरगेलेसे, कातावलेले. साडूंनी चौथ्या पानावर बोट ठेवलं. गरज पडल्यास गुडघ्याच्या वरूनही कापण्याची परवानगी तिथे होती.

“गरज कोन ठरवन? मी तं बेशुद्ध राहीन.”

“आम्ही ठरवू, काका.”

“मंग आत्ता मी शुद्धीत हावो, आत्ताच इचारा ना!”

डॉक्टर स्टूल ओढून बसले. वर कापलं तर जखम भरायची शक्यता जास्त, गुडघा मात्र जातो. खाली कापलं तर गुडघा राहतो, पण विष वर चढायचा धोका, हे त्यांनी नीट सांगितलं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्याच्या वर जायची परवानगी नाही, असं स्वच्छ अक्षरात लिहून सही केली. मी वाद घातला. ते म्हणाले, “तुमची सही झाली ना? मंग बसा.”

गुडघा राहिला. विष वर चढलं. पुन्हा टेबलावर घेण्याइतकी ताकद तोवर अंगात उरली नव्हती. अकराव्या दिवशी ते गेले.

वर कापलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. “कदाचित,” ते म्हणाले आणि नजर खाली वळवली. हा शब्द मी बरेच दिवस बाळगला. माझी ती न वाचलेली सही चालली असती तर आज साडू एका पायावर का होईना, आमगावात असते, असा हिशेब मी मनाशी मांडत असे. शेवटी एकदा न राहवून ताईंना बोललो. त्या तांदूळ निवडत होत्या.

“लगन झालं तवा मले कोनी इचारलं नोतं,” त्या म्हणाल्या. “नोकरीत त्यायले कोनी इचारलं नाई, बदली करून देवरीले फेकलं तं देवरीले गेले. या एका खेपेले इचारलं त्या डॉक्टरनं. स्टूल घेऊन बसला होता, मी दारातून पाहून राहिली होती.”

सुपातला एक खडा त्यांनी वेचून बाजूला टाकला.

“इतके खुशीत मी त्यायले कधी पायलं नाई.”