सदतीस नंबरकडे दहा मिनिटं

आमचे बाबा एकतीस वर्षं रोज लोकांच्या घरी जात होते आणि कधीच कुणाच्या घरी बसले नव्हते. वीज कंपनीत मीटर वाचायचं काम. हातात टॉर्च, कानामागे पेन्सिल, काखेत वही. दार वाजवून "मीटर" एवढंच म्हणायचं, जिन्याखाली नाहीतर दारामागे वाकून आकडा बघायचा, लिहायचा आणि पुढचं दार गाठायचं. कुणी चहाचा आग्रह केला की हात जोडून मागच्या पावली सरकायचे. एकाकडे चहा घेतला तर शेजारचा म्हणणार, त्याचा आकडा कमी लिहिला, म्हणून पाणीसुद्धा नको. हा नियम कंपनीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, त्यामुळे तो मोडायची काही सोयच नव्हती. नोकरी संपली तरी तो अंगात मुरलेला राहिला. माझ्या सासरी आले तरी खुर्चीच्या कडेला टेकायचे आणि पाचव्या मिनिटाला "बरं, निघतो" म्हणायचे. ते कशावरून तरी रागावलेत, असं माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं धरून चालल्या होत्या.

आईचं याच्या उलट. ती कुठे जायची नाही, पण अख्खं गाव तिच्या कानातून जायचं. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. त्या काळी परगावी बोलायचं तर आधी ऑपरेटरकडे नंबर नोंदवावा लागे. मग ती त्या गावच्या ऑपरेटरला गाठून दोन्हीकडच्या तारा समोरच्या बोर्डावर जोडून द्यायची आणि बोलणाऱ्यांना दर तीन मिनिटांनी "तीन मिनिटं झाली" असं सांगायची. ऑपरेटरांनी एकमेकींना नाव सांगायचं नाही, नुसता नंबर. आई चार नंबर. मोठ्या शहराची लाइन असली की पलीकडे बहुतेक वेळा सदतीस नंबर असायची.

या सदतीस नंबरशी आईची एकोणीस वर्षं मैत्री होती, आणि दोघींनी एकमेकींना एकदाही पाहिलं नव्हतं. लाइन लागेपर्यंत जे दहा-वीस सेकंद मिळायचे, तेवढंच बोलणं. मागे सुपरवायझरबाई फेऱ्या मारायच्या, त्यामुळे तेही ओठांतल्या ओठांत. सदतीस नंबरच्या मुलाला गोवर निघाला ती हकीगत आईला पुरती कळायला आठ दिवस लागले, तोवर मुलगा शाळेतही जायला लागला होता. मी झाले तेव्हा आईच्या शेजारच्या बोर्डावरच्या बाईंनी ती बातमी आधी सदतीस नंबरला सांगितली. माझ्या आत्याला दुसऱ्या दिवशी कळलं. आत्या ते अजून ऐकवते.

पुढे सगळे फोन ऑपरेटरशिवाय थेट लागायला लागले आणि बोर्ड बंद झाले. शेवटच्या दिवशी दोघींनी एकमेकींना पत्ते सांगितले. तेव्हापासून वर्षाला दोन-तीन पत्रं. फोन का करत नाहीस, असं मी आईला विचारलं होतं. म्हणाली, "एकदा केला होता. तीन मिनिटं झाल्यावर दोघी एकदमच म्हणालो, तीन मिनिटं झाली. आणि ठेवला." फोनवर आम्हाला कामाचंच बोलता येतं, असं तिचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात सदतीस नंबरचं पत्र आलं. आईने ते मला दोनदा वाचून दाखवलं. उजवा कान पूर्ण गेला होता. डावा फार तर वर्षभर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यालाही मोठ्याने सांगावं लागत होतं. "जन्मभर कानांनीच पोट भरलं," तिने लिहिलं होतं, "आता त्यांनीच राजीनामा दिला." आई त्यावर हसली, मग हसता हसता थांबली.

"मला तिला भेटायचंय," आई म्हणाली. "तिला माझा आवाज ऐकू येतोय तोवर. नंतर जाऊन काय, नुसतं बघत बसायचं?"

आईने जन्मात काही मागितलं नव्हतं, आणि मागायची सवय नसलेल्या माणसाला मागताही येत नाही. बाबांना ती एवढंच म्हणाली, की ते मोठं शहर आपण एकदा बघून येऊ या, तिथे माझी ती मैत्रीणही असते. कानाचं बोललीच नाही. बाबा हरखून गेले. दोघांपैकी कुणीही ते शहर पाहिलं नव्हतं. शनिवारी सकाळी पोचायचं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघायचं, असं ठरलं.

मग बाबांनी दुकानातून शहराचा नकाशा आणला. घड्या पडल्या होत्या म्हणून त्याला इस्त्री केली. पंधरा दिवस जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात होतं आणि आई ताट मांडीवर घेऊन जेवत होती. पेन्सिल परत कानामागे गेली, तेव्हा मला जरा बरंही वाटलं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या त्या कानाकडे बघवत नव्हतं.

एका रविवारी मी माहेरी गेले तर बाबांनी ऐटीत कागद माझ्यापुढे ठेवला. बारा ठिकाणं. मनोरा, संग्रहालय, नदीवरचा पूल, जुना बाजार, काय काय. जाताना रस्त्याची डावी बाजू, येताना उजवी. एकही रस्ता दोनदा तुडवायचा नाही, म्हणजे एकही पाऊल फुकट नाही. जवळचं आधी, लांबचं शेवटी. सगळ्या कॉलन्या ते असेच फिरले होते. सगळ्यात खाली, रविवारच्या शेवटच्या ओळीत, लिहिलं होतं: सदतीस नंबर, ५.१० ते ५.२०.

मी ती ओळ पुन्हा वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

"दहा मिनिटं? बाबा, आईला दहा मिनिटं?"

"दहा म्हणजे भरपूर झाली की," बाबा म्हणाले. "घर शोधायला लागणारा वेळ वेगळा धरलाय."

"आणि जुन्या बाजारात दीड तास! तिथे काय आईचं माहेर आहे?"

"अगं, बाजार मोठा आहे. आणि तिचं घर पार टोकाला. मधेच तिकडे गेलो तर सगळा रूट मोडतो. तिथून स्टेशनला थेट बस आहे, तेही बघितलंय मी."

त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त राग येत होता. दुष्टपणा असता तर भांडता तरी आलं असतं. मी आवाज चढवला. माझा आवाज लगेच चढतो, हे मला माहीत आहे. नकाशा फाडायचंही माझ्या मनात येऊन गेलं.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती कधीच मोठ्याने बोलत नाही. बोर्डावर तसंच शिकवलं होतं, हळू आणि स्पष्ट. "अहो," ती म्हणाली, "तिचा एक कान गेलाय. दुसरा जातोय. मला मनोरा नाही बघायचा. मला तिच्याजवळ बसून बोलायचंय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढे खूश होतात."

बाबांनी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता चिडतील. पण ते म्हणाले, "मग शनिवार पूर्ण तिच्याकडे. सकाळी उतरलो की थेट. मनोरा आणि संग्रहालय रविवारी." आणि मग, आईकडे न बघता, "पण मी काय करू तिथे दिवसभर? मला बसता येत नाही गं कुणाकडे."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एवढी वर्षं मला वाटायचं, त्यांना बसायचं नसतं. तो मघाचा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मलाच चोरट्यासारखं झालं.

मी विनोदाने म्हटलं, "मग सवय करा. जाऊन बसा कुणाकडे तरी." विनोद त्यांनी मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपडे बदलून ते शिंपीकाकांकडे गेले. काका दोन गल्ल्या सोडून राहतात, बाबांच्या जुन्या रूटवर. गेले ते आधी दारामागे वाकून मीटरच बघून आले. काका म्हणाले, "अहो, आता सुटलात ना त्यातून? बसा." अकरा मिनिटं बसले. घरी येऊन त्यांनी तो आकडा आईला सांगितला.

दुसऱ्या वेळी पंचवीस. तिसऱ्या वेळी काकांनी कापड बेततानाच गप्पा मारल्या, त्यामुळे समोरासमोर बघायची पाळी आली नाही आणि चाळीस मिनिटं झाली. चौथ्या दिवशी बाबा जेवायची वेळ टळली तरी येईनात. आले ते थेट टेबलाशी बसले. मी त्या दिवशी माहेरीच होते.

"काकांकडे दोन मशीन होती," ते म्हणाले. "विजेवरची. सहा वर्षांपूर्वी आकडा एकदम निम्म्यावर आला. मी मनात म्हटलं, धंदा बसला वाटतं."

"मग?"

"दुसरं मशीन काकू चालवायच्या. त्यांना झटका आला. आतल्या खोलीत पडून असतात तेव्हापासून. मी दर महिन्याला दारातून परत फिरलो, सहा पावलांवर होत्या." त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. "कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची मुलगी सासरी गेली, सगळं मला आकड्यावरून कळायचं. मला वाटायचं, मला गाव माहीत आहे."

आईने त्यांना वाढलं. बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काकांकडे गेले, आणि त्यानंतर किती मिनिटं झाली ते सांगायचं बंद केलं.

दोघं ठरल्या दिवशी निघाले. सोमवारी सकाळी मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले. गाडीतून आधी पिशवी उतरली, मग बाबा, मग आई. मी आईला विचारलं, कसं झालं? तिने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. ती गळ्याकडे बोट दाखवून हसली. तिचा आवाज पार बसला होता.

म्हणून बसमधून घरी जाताना सगळं बाबांनीच सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली शाळेचं मैदान. आईला वाटलं होतं सदतीस नंबर उंच असेल, तर ती आईच्या खांद्याला लागत होती. आई तिच्या डाव्या कानाशी बसली आणि सवयीप्रमाणे हळू, स्पष्ट बोलली. मैत्रीण ऐकू येत नाही अशी मान हलवत राहिली. आई पुन्हा बोलली, ती पुन्हा मान हलवत राहिली.

"तुझ्या आईचा चेहरा उतरला," बाबा म्हणाले. "मला वाटलं, आपल्याला उशीर झाला. मग ती जी ओरडली! जन्मात कधी ओरडलेली मी ऐकली नव्हती. शेजारची माणसं बाहेर आली, भांडण आहे का बघायला."

"मग ऐकू आलं?"

"दहातलं चार आलं असेल. राहिलेलं तुझी आई परत सांगायची. सदतीस नंबर म्हणाली, शब्द सुटतात, पण आवाज तोच आहे. अगदी चार नंबर. रडली ती. दोघीही रडल्या."

मी आईचा हात धरला. तो तिने माझ्या हातात राहू दिला.

"आणि रविवारी मनोरा कसा होता?" मी विचारलं.

"नाही बघितला."

"संग्रहालय?"

"तेही नाही. रविवारीही तिथेच होतो, गाडीच्या वेळेपर्यंत."

मी आईकडे वळले. "म्हणजे बाबांना दोन्ही दिवस तिथे कोंडून ठेवलंस तू? एवढा नकाशाला इस्त्री केलेला माणूस!"

आईने जोरजोरात नाही अशी मान हलवली. बोलायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा तिने बोट बाबांच्या दिशेने रोखलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"सदतीस नंबरचं अजून सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "मधेच कसं उठणार?"