ओळंब्यापासून मोजलेला कोन

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी एकच नाव घेतो : नामदेव रामटेके सर. महिनाभरापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुनीतादीदीचा फोन आला. रायपुरातल्या आमच्या घरांमधून मराठी बोलली जाते, पण आमच्या पिढीच्या तोंडी पटकन हिंदीच येते. "भैया, बाबूजी नहीं रहे," एवढंच ती बोलली. मी कामावर होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता... आता सांगायचं राहूनच गेलं, असा होता.

सर शाळेतले शिक्षक नव्हते. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. ड्यूटी संपली की संध्याकाळी गुढ़ियारीतल्या आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, समाजभवनात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचे. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती, आणि प्रत्येक आईबापाला वाटत होतं की आपला मुलगा आता कोणीतरी मोठा होईल. माझ्या बाबांना मात्र तसं वाटत नव्हतं. ते मालधक्क्यावर हमाल होते आणि दहावीनंतर मलाही तिथेच नेणार होते. सर स्वतः घरी आले. म्हणाले, "पोट्ट्याले सायन्स घेऊ द्या."

"आमच्यात कोण शिकलं जी?" बाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणून राहिलो."

सर सूत्र आधी सांगत नसत. समाजभवनाच्या अंगणात पोती भरलेला हातठेला उभा करायचे, त्याला दोरी बांधायचे आणि आम्हाला ओढायला लावायचे. कोणी दोरी खांद्याच्या वर धरून ओढली की ओरडायचे, "ठेला पुढे न्यायचा हाय, अन् जोर वर लावून राहिला. काहून रे? उडवतं का त्याले?" आम्ही हसायचो, पण कळायचं. तिरप्या जोराचा जो भाग ठेल्याच्या वाटेने जातो तेवढाच कामाचा. फक्त एक गोष्ट त्यांची वेगळी होती. पुस्तकात दोरीचा कोन जमिनीपासून मोजतात. सर फिटर, त्यांच्या खिशात ओळंबा असायचा. ते दोरीजवळ ओळंबा सोडायचे आणि त्या उभ्या सुतापासून कोन मोजायचे. "जमीन वाकडी राहू शकते, ओळंबा नाही राहत," म्हणायचे.

एका शनिवारी त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. दोनशे न्यूटनचा जोर, दहा मीटर अंतर, ओळंब्यापासून कोन साठ अंश. आणि पुढे साइन साठ लिहिलं. मी त्याच आठवड्यात गोल बाजारातून गाइड आणलं होतं, सूत्र पाठ होतं. उभा राहिलो.

"सर, साइन नाही, कॉस लागतं."

"कोन कुठून मोजला ते पाह्य पहिले."

"मग काय पुस्तक चुकीचं आहे?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "सरलेच ट्यूशन लावा लागते." सर रागावले नाहीत. "घरी चित्र काढ. मग बोलू," म्हणाले.

चित्र मी काढलं नाही. काढायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा डबा घेऊन मालधक्क्यावर गेलो, तर ते लादलेला ठेला ओढत होते. अंग पुढे झुकलेलं, दोरी जमिनीकडे कललेली. ओळंब्यापासून साठ म्हणजे जमिनीपासून तीस! साइन साठ काय आणि कॉस तीस काय, दोन्हीचं उत्तर सतराशे बत्तीस ज्यूल. मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. सर बरोबर होते.

त्याच संध्याकाळी पालकांची बैठक होती. तेलीबांध्याकडे नवी कोचिंग उघडली होती, मुलांना तिकडे घालायचं का, हा विषय. आमच्या शेजारच्या काकांनी मला पुढे ओढलं. "काय रे विलास, तू सरची गलती पकडली म्हणते. खरं हाय का?"

मी बाबांकडे पाहिलं. इतक्या लोकांत त्यांच्या मुलाला कोणी काही विचारत होतं. त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता...

"हव," मी म्हणालो.

एवढाच एक शब्द. पंधरा दिवसांत वर्ग रिकामा झाला. सर दोनचार संध्याकाळी एकटेच येऊन बसले, असं ऐकलं. मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं होतं. पुढे इंजिनिअरिंगच्या परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा तेच आमच्या दारात आले. "भरला का रे? तारीख जाऊन राहिली." खाटेवर बसून स्वतःच्या हाताने त्यांनी माझा फॉर्म भरला. उठताना विचारलं, "ते चित्र काढलं होतं?"

मान खाली घालून म्हणालो, "समजलं, सर."

"मग झालं."

तेव्हा पाय धरायला हवे होते. मी त्यांच्या चपला सरळ करून दिल्या, बस्स. त्या फॉर्मवर मी इंजिनिअर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागली तेव्हा सरांना एक पत्र लिहिलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. दीदीने चहा दिला आणि म्हणाली, "आपकी चिट्ठी हर किसी को पढ़के सुनाते थे. पर आपके नाम से पहले वाली आखिरी लाइन छोड़ देते थे. पता नहीं क्यों." मला माहीत होतं. तिला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितो आहे. त्या वर्गातली मुलं आता बाप झाली आहेत, त्यांनीही वाचावं. ते पत्र दीदीकडून मागून घेतलं. जसंच्या तसं देतो.

"आदरणीय सर, जयभीम. मी पास झालो. नोकरीही लागली. बाबांना नोकरीचं पत्र वाचून दाखवलं तर ते रडले. तुम्ही घरी आला नसता तर मी आज पोती उचलत असतो. तुम्ही शिकवलेलं मी काहीही विसरलो नाही. सुट्टीत आलो की भेटतो. तब्येतीची काळजी घ्या. पाऱ्यातल्या लोकांना तुमची कदर नव्हती, नाहीतर तुमचा वर्ग बंद पडला नसता. तुमचा विद्यार्थी, विलास."