डागी आधी

"शोभा, तुझी ताई गेली..." आप्पा फोनवर एवढंच बोलले. आप्पा म्हणजे ताईचे यजमान. कुडाळच्या माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं, ते उतू जाईपर्यंत मी तशीच उभी. लोकांना अशा वेळी रडू येतं. मला आधी राग आला, आणि दीड महिना होत आला तरी तो उतरलेला नाही. हे लिहितेय तेही रागातच, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ताई लग्न होऊन कट्टा गावाजवळ गेली, हापूसच्या बागायतदारांच्या घरात. पोरगी आंब्यांत पडली म्हणून आमच्या आईला कोण आनंद! त्या घराच्या मधल्या खोलीत गवतात आंबे पिकत घातलेले असायचे, आढी म्हणतात ती. रोज सकाळी ताई आढीसमोर पाटावर बसायची, गवत सारून एकेक आंबा चाचपायची. डाग पडलेले, उतरायला लागलेले बाजूला. "डागी आधी सोपवया गो, फुकट जातले." डागी आधी संपवायचे, चांगले उद्यासाठी. उद्यापर्यंत त्यातल्या काहींना डाग पडायचाच, मग पुन्हा तेच आधी. अगदी निवडक असायचे ते पेटीतून मुंबईला, धाकट्या दिराकडे, वसंतकडे. म्हणजे जन्मभर हापूसच्या बागेत राहून या बाईने खाल्लं काय, तर डाग कापून उरलेल्या फोडी! सासूने घालून दिलेली रीत. सासू कधीच गेली, पण ती मेली रीत काही तिच्याबरोबर गेली नाही.

सगळ्यातच तसं. नव्या चादरी पाहुण्यांसाठी, ही आपली विरलेल्या गोधडीवर. देवबागला होडीत बसायचं तिच्या फार मनात होतं. मुंबईची मंडळी दर मे महिन्यात बसून यायची, आणि ही घरी त्यांच्यासाठी सोलकढी करत राहायची. "मगे जावया," म्हणायची. ती गेली त्या दिवशी कपाटातली कोरी चादर मीच काढली आणि तिच्यावर घातली. घडीच्या रेघा जाता जात नव्हत्या. नव्या चादरीत ताई तेव्हा पहिल्यांदा निजली.

आमची शेवटची भेट त्याच्या आधीच्या आठवड्यातली. आजारपणात तिचं जेवण तुटलं होतं. मी आढीतला सगळ्यात देखणा आंबा उचलला, बारीक फोडी करून तिच्यापुढे धरल्या आणि दडपून सांगितलं, "डागीच होतो गो."

तिने फोडींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साल दाखव बघूया."

साल कुठची दाखवू? ठिपका नव्हता तिच्यावर.

"हो पेटयेतलो मां? वसंताक पाठवूचो आसा... माका कित्याक?" आणि तिने तोंड फिरवलं.

मी ओरडले तिच्यावर. आजारी माणसावर ओरडले, "एक तरी धड आंबो खा गो बाये!" ती हसली. "तू खा," म्हणाली. माझ्या घशाखाली कसा उतरणार? फोडी बशीत तशाच काळ्या पडल्या.

तेराव्याला मुंबईची मंडळी आली, रडली, गेली. आप्पा एकटे, म्हणून मी मागे राहिले. आठवडा गेला नाही तोच ताईच्या जाऊबाईंचा, वसंतच्या बायकोचा फोन. "वाईटच झालं हो... पण यंदा आंब्यांचं काय? वहिनी असत्या तर एव्हाना पेटी आली असती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठवते हं," मी साखरेच्या आवाजात म्हटलं आणि आढीसमोर बसले. एकेक डागी आंबा निवडला आणि पेटीत भरला, ताई भरायची तसाच, गवताच्या थरावर नीट मांडून. आप्पा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, अडवतील. ते आत गेले, सुतळी घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने पेटी आवळून बांधली.

पुन्हा फोन आला. "अहो, सगळेच्या सगळे डागी निघाले!"

"हो का? ताई हेच खायची. जन्मभर. म्हटलं, तिची आठवण म्हणून तुम्हीही खाऊन बघा."

आणि मी फोन ठेवून दिला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. अजून वाटतंय.

काल सकाळी ताईच्या पाटावर बसले. हंगाम सरत आलाय, आढीत थोडेच आंबे आहेत. आप्पांशी बोलता बोलता, न बघता माझा हात गेला तो नेमका डागी आंब्यावर. सुरी लावणार, एवढ्यात भान आलं. जळली मेली ही सवय! उठले, मागच्या दाराशी गेले आणि तो आंबा परसाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावला. त्या घरातून आंबा असा कधी फेकला गेला नसेल.

मग आढीतला सगळ्यात चांगला घेतला. फोडीबिडी केल्या नाहीत, तिच्याच पाटावर बसून चोखून खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला... ताई, इतको गोड आसता गो हो आंबो. तुका ठावकच नाय.